थप्पी

पुस्तकात शब्द होता हिमस्खलन.
वर्गात कुणीच बर्फ पाहिला नव्हता,
गोळेवाल्याच्या रंध्याखालचा सोडून.
हत्तीअंबीरे मॅडम म्हणाल्या,
तुमच्याकडं जे कोसळतं ते घ्या.

मी घेतली थप्पी.
नव्या मोंढ्यातली, सोयाबीनच्या पोत्यांची, चौदा थरांची,
जिच्या पायथ्याशी उभं राहायचं नसतं
हे मला अक्षरांच्या आधी शिकवलेलं.

जगात जर्मनी: तिथला पार्ट चौदाशेला एक,
कोसळण्यासाठीच घडवलेला.
भारतात परभणी: स्टेशन रोडच्या दुकानात तीन रुपयांचा,
काळा, अर्धगोल, तीन पायांचा,
ज्याच्या कागदावर लिहिलंय
चाळीस व्होल्टच्या वर नेऊ नका.
शंभर आणले.
नेले.

घरी सगळे निजल्यावर एकेक तपासायचा.
मेगाओमच्या रोधातून हळूहळू चढवायचं,
सत्तर, नव्वद, एकशेदहा,
आणि वाट बघायची.
काही नुसते गळत राहतात, कण्हल्यासारखे.
काही तापून कायमचे गप्प.
पण शंभरातले एकेचाळीस
एकशेसव्वीसच्या आसपास
एकदम सगळं सोडून देतात
आणि परत भरायला लागतात.
साठवण इवलीशी ठेवली तर मरत नाहीत.
त्यांच्या पाठीवर मी नेलपॉलिशचा ठिपका देते.

बारा ठिपकेवाल्यांचं एक मंडळ.
भरताना सगळे शेजारी शेजारी,
ज्याचं त्याच्या ओंजळीत.
सुटताना एकाच्या खांद्यावर एक.
फक्त सगळ्यात खालच्याला डिवचायचं.
त्याचा भार वरच्यावर, दोघांचा तिसऱ्यावर,
आणि बाराव्यापर्यंत पोचायला वेळ लागतो तेवढाच,
जेवढ्यात उजेडसुद्धा फूटभर सरकतो,
फार तर दीड.
म्हणून तारा आखूड. बोटाच्या पेराएवढी जास्त ठेवली
की वेग तिथंच सांडला.

बाबा कूस बदलत विचारतात,
काय करायलीस?
ट्रान्झिस्टर.
गाणं लागतंय का त्याच्यावर?
नाही बाबा, हे नुसतं कोसळतं.
कामून?

मी सांगायला तोंड उघडते आणि थांबते.
एकतीस वर्षं हा माणूस
थप्पी कोसळू नये म्हणून
पोत्याला पोतं आडवं उभं सांधत आला.
याच्या डोळ्यांदेखत मुंजाजीकाका
चौथ्या थराखाली गेले
आणि दुपारी तीनला मोंढा परत सुरू झाला.
याला कसं सांगायचं
की मी खालचं पोतं ओढायला शिकतेय,
आणि तेही मुद्दाम?

कॉलेजचा ऑसिलोस्कोप जुना.
हजारभर व्होल्टचा कडा त्याला दिसतो
उशीखाली मांजर शिरल्यासारखा,
मऊ, बुटका, उशिरा आलेला.
मॅडम म्हणाल्या, खरा कडा आहे, गं,
आपल्याकडं बघायला डोळा नाही.
पण आहे हे कशावरून धरायचं
ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या रात्री मी सेकंदाला एकच ठोका लावला.
खिळ्यावर बाबांचा ट्रान्झिस्टर टांगलेला होता,
स्टेशन संपून नुसता खरखरत.
टक्.
बाबा उठून बसले.
टक्.
दुखऱ्या खांद्यानं त्यांनी तो खाली काढला,
आडवा धरला, उभा धरला,
माझ्या पाटीजवळ आणला.
टक्.

हे तुझं?
हो. दर ठोक्याला बारा थर खाली येतात, बाबा.

बराच वेळ ते ऐकत राहिले.
ओठ हलत होते, मोजत असावेत.
मग म्हणाले,
आन् वरचे? सगळे जित्ते हायेत?

मी वीज काढली, साठलेलं उतरवलं,
बोटाच्या टोकानं एकेक ठिपका चाचपला.
कोमट. बाराच्या बारा.

मग पुन्हा लाव, म्हणाले,
आणि भिंतीकडचं अंथरूण
वीतभर मागं ओढून घेतलं.